नगारा थांबला त्याची हकीकत

तीर्थरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे यंदा आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकतात, उरलेली दोन टेकली असं तू मानून घे.) इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या भावजयीची मान अधूनमधून आखडते आणि ती त्याचा दोष माझ्या बोलण्याला देते, म्हणजे सगळं नेहमीसारखं आहे. तुझ्या दुसऱ्या डोळ्याचं काय ठरलं? मोतीबिंदू पिकला की कळव, मी येऊन उशाशी बसेन आणि तू सांगशील तेवढंच बोलेन. मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की पांढरी कोंबडी परसातल्या त्या तांब्याच्या भांड्यात खुडूक बसली आहे, तिच्याखाली पंधरा अंडी ठेवली आहेत आणि जवळ जाईल त्याला ती टोचते. तिलाही माझा नमस्कार सांग. तिच्याबद्दल मला बरंच लिहायचं आहे, पण ते शेवटी. प्रत्येक गोष्टीला तिची जागा असते, हे मी चाळीस वर्षं व्यासपीठावर उभा राहून शिकलो आहे. अक्षर वाकडं आलं तर रागावू नकोस. दोन्ही तळहातांना पट्ट्या बांधल्या आहेत आणि पेन दोन बोटांत चिमटीसारखं धरलं आहे. त्याचंही कारण पुढे येईल.

आता मुद्द्यावर येतो. (हे वाक्य मी उच्चारलं की सभेत लोक घड्याळ पाहतात. तू पाहू नकोस.) यंदा टेकडीवरच्या लढाईला दोनशे वर्षं पूर्ण झाली. तुला ती तोंडपाठ आहे, पण पुढेमागे हे पत्र कुणा परक्याच्या हाती लागलं तर त्यालाही कळावं म्हणून सांगतो. समुद्रापलीकडून आलेल्या फौजेने गाव घेतलं, तेव्हा गावातली माणसं बायकापोरांसकट टेकडीवरच्या बुरुजात शिरली आणि तीन दिवस लढली. बुरुजावर नगारा वाजवत होता आपला पूर्वज. नगारा वाजतो आहे तोवर आपण आहोत, एवढंच खाली अडकलेल्या लोकांना कळत होतं. आमचं लढाई स्मारक मंडळ गेली बावीस वर्षं ही लढाई त्याच टेकडीवर करून दाखवतं. त्यात मी नगारा वाजवता वाजवता गोळी लागून पडतो, मग उठतो, अंगावरची माती झटकतो आणि बुरुजाच्या पायथ्याशी येऊन एक तास चाळीस मिनिटं बोलतो. लोक मागे मला 'तोफ' म्हणतात हे मला ठाऊक आहे. तोंडावर 'अण्णा' म्हणतात, तेवढं पुरे.

मंडळाचा नियम असा, की ज्याचा पूर्वज लढाईत जे करत होता तेच त्याने करायचं. सुताराच्या वंशजाने फाटकाला टेकू द्यायचा, लोहाराच्या वंशजाने गोळ्या ओतायच्या. अडचण आली ती शत्रूची. शत्रूचे वंशज इथे राहत नाहीत आणि आपला माणूस हौसेने शत्रू व्हायला तयार होत नाही. तेव्हा पहिल्याच वर्षी ठरलं की गावात बदली होऊन आलेल्या नोकरदारांनी परकी फौज व्हायचं. ते बाहेरून येतात, रांगेत चालतात, वरून हुकूम आल्याशिवाय काही करत नाहीत आणि दोन-तीन वर्षांत निघून जातात. शत्रू म्हणून आणखी काय पाहिजे? त्यामुळे आमच्या परक्या फौजेत पोस्टमास्तर, बँकेचे कॅशियर, मोजणी खात्याचे दोन साहेब अशी मंडळी असतात. नवा माणूस भाड्याचं घर शोधण्याआधी कोटाचं माप देऊन येतो. यंदाचे सेनापती होते सरकारी दवाखान्याचे डॉक्टर. एवढा मवाळ शत्रू आम्हाला आजवर मिळाला नव्हता. तलवार उपसण्याआधी ते शेजारच्याला 'जरा सरकता का, लागेल' असं म्हणतात.

आणि आता जिच्यासाठी हे पत्र लिहितो आहे ती बाई. शत्रूचे कोट शिवते ती आमची टेलरबाई. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं दुकान आहे, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं एवढं. एक शिलाई मशीन, एक गिऱ्हाईकाचं स्टूल, एक आरसा आणि आरशाच्या चौकटीत खोचलेल्या मापांच्या चिठ्ठ्या. अठरा वर्षांपूर्वी ती नवऱ्याच्या बदलीबरोबर आली; नवरा पुढच्या बदलीबरोबर गेला, ही राहिली. तीन वर्षांपूर्वी तिने आमच्या अध्यक्षांना (सायकलच्या दुकानाचे मालक, छाती पुढे, आवाज त्याच्याही पुढे) विचारलं की शत्रूच्या कोटाला बटणं किती लावू. अध्यक्ष म्हणाले, "लाव आठ-दहा." दुसऱ्या कुणीही लावली असती. ही म्हणाली, "आठ की दहा? दोन बटणांत अख्खा कोट बदलतो." अध्यक्षांनी तिला मला विचारायला सांगितलं. मी तिला त्या काळातल्या साम्राज्यांच्या लोभावर पाऊण तास ऐकवलं आणि बटणांचा विषय त्यात राहूनच गेला.

अक्का, त्या बाईने काय केलं ते ऐक. दर आठवड्याला दुकान बंद असतं त्या दिवशी सकाळच्या गाडीने जुन्या कागदांच्या सरकारी दफ्तरखान्यात जायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं, असं तिने तीन वर्षं केलं. तिथले कारकून आधी तिला जमिनीच्या वादातली पक्षकार समजले, मग वेडी समजले, आणि दुसऱ्या वर्षी तिच्यासाठी खिडकीजवळची खुर्ची राखून ठेवू लागले. भरतकामाच्या भिंगातून ती ते पिवळे कागद वाचायची. परकी भाषा तिने शाळेच्या पुस्तकांवरून पुन्हा शिकून घेतली. बटणं नऊ निघाली. कोट लाल नव्हतेच. दोन पावसाळे अंगावर काढून ते विटेच्या रंगाचे झाले होते, असा त्यांच्याच कोठीवाल्याचा कागद आहे. मी दीडशे सभांत त्या 'रक्तासारख्या लाल' कोटांवर बोललो आहे. आयुष्यभर हजारो पुस्तकं वाचली म्हणून मी मिरवतो, पण त्यातलं एकही मी बटणाच्या संख्येसाठी उघडलं नव्हतं.

बटणांच्या मागोमाग तिला सापडली परक्या फौजेतल्या वैद्याची रोजनिशी. त्या रोजनिशीचं अक्षर दफ्तरखान्यातल्या एकालाही लागेना. टेलरबाईने पानांच्या छायाप्रती काढून आणल्या आणि डॉक्टर माप द्यायला आले तेव्हा त्यांच्यासमोर धरल्या. बगलेत टेप, एक हात वर, अशा अवस्थेत डॉक्टर घडाघडा वाचत सुटले. हे अक्षर तुम्हाला कसं लागतं, असं तिने विचारलं. ते म्हणाले, "आमच्यात हे चांगलं अक्षर धरतात."

त्यानंतर तिने मला निरोप धाडला. मी गेलो. तिने मला स्टुलावर बसवलं, स्वतः मशीनशी बसली आणि कोटाला बटणं लावता लावता विचारलं, "अण्णा, नगारची मरेपर्यंत नगारा वाजवत होता, हे लिहिलंय कुठे?"

मी म्हणालो, "स्मरणिकेत."

"स्मरणिकेत वर्तमानपत्राचा हवाला आहे."

"मग वर्तमानपत्रात."

"वर्तमानपत्रात 'एका जाणकार वक्त्याने सांगितल्यानुसार' असं आहे." तिने सुईत दोरा ओवला. "ते जाणकार तुम्ही. आणि तुमच्या छापील भाषणाखाली तळटीप आहे: पाहा, स्मरणिका."

अक्का, तुझ्यापासून काय लपवायचं. बावीस वर्षांपूर्वीचं या लढाईवरचं माझं पहिलं भाषण. दोन तास झाले होते, मागच्या रांगा उठायला लागल्या होत्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की तो नगारची वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, संसाराचं सुख पाहण्याआधी, शेवटच्या श्वासापर्यंत नगारा वाजवत कोसळला. उठलेले लोक खाली बसले. उठलेला माणूस परत बसला ना, की वक्त्याला जी नशा चढते तिच्यापुढे दारू काहीच नाही. पुढच्या वर्षी मी त्याला जखमा वाढवल्या. तिसऱ्या वर्षापासून ते मलाच खरं वाटू लागलं, आणि इतक्या वेळा तोच पडलो की शंका घ्यायला उसंत राहिली नाही.

पण त्या दिवशी दुकानात मला हे कबूल करवलं नाही. मी चिडलो. हुतात्म्यांच्या रक्ताचा पुरावा मागणाऱ्या कारकुनी वृत्तीवर मी त्या स्टुलावर बसून पन्नास मिनिटं बोललो. बाहेर चार गिऱ्हाइकं जमली, एकाने तर टाळी वाजवली. तेवढ्यात तिची नऊ बटणं लावून झाली. मी थांबल्यावर ती म्हणाली, "एकोणिसाव्या वर्षी गेला. बिनलग्नाचा."

"बिनलग्नाचा."

"आणि तुम्ही त्याचे थेट वंशज."

"थेट. सातवी पिढी," मी म्हणालो, आणि माझ्या आवाजात अजून सभेचा जोर होता.

तिने दोरा दातांनी तोडला आणि माझ्याकडे नुसती पाहत राहिली. टाळी वाजवणारा माणूसही पाहत राहिला. बावीस वर्षं, दरवर्षी हजारो श्रोते, एकदा तर विद्यापीठातले इतिहासाचे विभागप्रमुख अध्यक्षस्थानी होते. कुणी हे एवढं गणित केलं नव्हतं. मी उठलो, 'विचार करून सांगतो' असं म्हणालो (कशाचा विचार, देव जाणे) आणि घरी आलो. तुझ्या भावजयीला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. म्हटलं, तुमच्या घरात सगळे बोलण्यातूनच जन्मत असतील."

दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून दुकानात गेलो आणि म्हणालो, वाचा. डॉक्टर आले, स्टुलावर बसले आणि वाचू लागले. मी उभा राहिलो. ते मी माझ्या शब्दांत सांगणार नाही, माझ्या शब्दांनी आधीच पुरेसं नुकसान केलं आहे. वैद्य लिहितो की दुसऱ्या दिवशी दुपारी नगारा एकाएकी थांबला. आमच्या अधिकाऱ्यांना वाटलं, डाव आहे. शांतता इतकी होती की कुणी चढाईचा हुकूम देईना. तिसऱ्या दिवशी सकाळी वर गेलो तर बुरुज रिकामा. एक माणूस नगाऱ्याशेजारी बसलेला. नगाऱ्यावर कातडं नाही, वाद्या नाहीत, काठाशी सुरीचे चरे, आणि एका बाजूला आमच्या गोळीने पडलेला अंड्याएवढा पोचा. (डॉक्टरांनी 'पोचा' हा शब्द वाचला आणि माझी उजवी मूठ आपोआप वळली. त्याचं कारणही शेवटी येईल.) अधिकाऱ्याने त्याला विचारलं, नगारा का थांबवलास? तो म्हणाला, "कातडं कामाला गेलं आहे."

नगाऱ्याच्या कातड्याची त्याने झोळी केली होती, वाद्यांचा दोर केला होता, आणि मागच्या कड्यावरून एकेक मूल खाली सोडलं होतं. मुलं गेली, मागून मोठी माणसं उघड्या दोराने उतरली. हा शेवटी राहिला, कारण वरून दोर धरायला कुणीतरी लागतंच. वैद्य पुढे लिहितो: कड्याखालच्या चिखलात लहान पावलांच्या जोड्या होत्या. मी तीसपर्यंत मोजल्या आणि पुढे मोजल्या नाहीत. त्या माणसाचे तळहात हाडापर्यंत सोलले होते, मी त्यांना पट्ट्या बांधल्या. रात्रीतून तो निघून गेला, नगाराही जागेवर नव्हता. हात का बांधून ठेवले नाहीत म्हणून मला बोलणी बसली. मी म्हणालो, तसले हात बांधता येत नाहीत.

आपली लढाई तिसऱ्या दिवशी झालीच नव्हती, अक्का. तिसऱ्या दिवशी शत्रू रिकाम्या बुरुजावर चढला. डॉक्टर वाचायचे थांबले तेव्हा मला एकच आठवलं. जेवणाच्या वेळी बाबा एखाद्या विषयावर सुरू झाले की आई ताटं वाढता वाढता म्हणायची, "आधी लेकरं, मग नगारा." आपल्याला वाटायचं, बाबांना गप्प करायला म्हणते. आईला तिच्या सासूकडून ते आलं होतं, सासूला तिच्या सासूकडून. घरातल्या बायका दोनशे वर्षं खरी हकीकत पानावर वाढत होत्या, आणि घरातले पुरुष भाषणं करत होते.

त्या आठवड्यात मी टेलरबाईबरोबर बुरुजाच्या मागच्या बाजूला गेलो. मी तिथे बावीस वर्षांत एकदाही गेलो नव्हतो, कारण माणसं समोर बसतात. तिने शिलाईच्या रिळाला कात्री बांधून कड्यावरून खाली सोडली, मग तो दोरा वर ओढून हाताने मोजला. बेचाळीस हात. मी विचारलं, दोर पुरला असेल का? ती म्हणाली, "पुरवला असेल." अशी ती बोलते. तिच्या एका वाक्यात माझी अर्धी सभा बसते, आणि ती ते वाक्य बोलून पुन्हा दोरा गुंडाळायला लागते.

मग आम्ही दोघांनी ठरवलं आणि कुणाला सांगितलं नाही. (हा अपराध माझा. मंडळाला आधी सांगितलं असतं तर मंडळाने समिती नेमली असती आणि तिसरं शतक लागलं असतं.) द्विशताब्दीच्या दिवशी टेकडीखाली माणूस मावत नव्हता. विटकरी कोट घातलेली परकी फौज चढाईला उभी, प्रत्येकाला मोजून नऊ बटणं. अध्यक्ष ध्वनिक्षेपकावर. मी नगारा वाजवत होतो, मंडळाने भाड्याने आणलेला. आणि ठरल्या जागी मी टिपऱ्या खाली ठेवल्या. नेमक्या त्याच वेळी अध्यक्ष लिहून आणलेलं वाचत होते, "ऐका, मित्रहो, ऐका तो नगारा, अजूनही वाजतो आहे." लोकांनी कान टवकारले. काही वाजत नव्हतं. "ऐका," अध्यक्ष पुन्हा म्हणाले, जरा कमी खात्रीने.

मी गप्प बसून आहे हे दृश्य या गावाने कधी पाहिलेलं नाही. लोकांनी एकच अर्थ काढला. पुढच्या रांगेत बायका उभ्या राहिल्या. आणि शत्रूचे सेनापती तलवार टाकून, टोपी टाकून, धापा टाकत बुरुजाच्या पायऱ्या चढून आले आणि माझी नाडी धरली.

"अण्णा, छातीत दुखतंय?"

"नाही. मी थांबलोय."

"थांबलाय म्हणजे?"

"रोजनिशीत आहे तसं. तुम्हीच तर वाचून दाखवलंत."

"वाचलं हो," डॉक्टर म्हणाले, "पण तुम्ही ऐकलं असेल असं वाटलं नव्हतं." तरी त्यांनी नाडी पूर्ण मोजली. खाली शेजारीण रडायला लागली तेव्हा तुझी भावजय तिला म्हणाली, "काही झालेलं नाही. त्यांना काही झालं असतं तर ते त्यावर बोलले असते."

मागच्या बाजूला टेलरबाई तयार होती. नगाऱ्याच्या तोंडाएवढं गोल कापलेलं जाड कापड, त्याला दोर, आणि तिने कतरणी भरून शिवलेली एकतीस बाहुली, लहान मुलांच्या मापाची, नाक-डोळे नसलेली. तीस वैद्याने मोजलेली आणि एक न मोजलेल्यांच्या नावाचं. आम्ही एकेक सोडू लागलो. खाली तिच्या शिवणवर्गातल्या बायका घेत होत्या. मी दहा सोडली. (वय सहासष्ट, वजन विचारू नकोस.) अकराव्याला दोर हातातून सरकला, तळहातांची सालटी निघाली, आणि दोर कड्यावरून जाणार तोच डॉक्टरांनी धरला. त्यांच्या मागे पोस्टमास्तर आले, मागोमाग कॅशियर, मग मोजणीवाले. बावीस वर्षं ज्यांनी मुकाट मार खाल्ला ते बदलीवाले लोक रांगेत उभे राहून दोर सोडत होते, आणि तो शिस्तीत सोडत होते, हे मान्य केलं पाहिजे. समोरची माणसं टेकडीला वळसा घालून मागे जमली. चाळीस मिनिटं लागली. एवढ्या वेळात मला काय काय ऐकू आलं सांगू? दोर दगडावर घासल्याचा आवाज. कापडात हवा भरल्याचा. आणि खाली प्रत्येक बाहुलं हातात घेताना बायका नकळत 'हं, आलं' म्हणत होत्या, तो. मरणाला टाळ्या मिळतात, अक्का, मी बावीस वर्षं मिळवल्या आहेत. पाठमोरा दोर धरलेल्या माणसासाठी टाळी वाजवायचं कुणाला सुचत नाही. त्या दिवशीही कुणी वाजवली नाही, आणि मला ती फार मोठी गोष्ट वाटली. शेवटचं बाहुलं खाली पोचल्यावर डॉक्टरांनी तिथेच, विटकरी कोटात, माझे हात बांधले.

इथवर सगळं छान आहे. पुढचं वाईट आहे. अध्यक्ष भडकले आहेत. त्यांचं म्हणणं, हुतात्म्याला पळपुटा केला, लढाईची शिवणकला केली. उद्याचा सोडून पुढच्या रविवारी, म्हणजे आजपासून आठ दिवसांनी, मंडळाची बैठक आहे आणि ठराव आला आहे की टेलरबाईला मंडळातून काढावं, तिचे कागद फेटाळावेत आणि नगारा पूर्ववत मरेपर्यंत वाजावा. अध्यक्ष म्हणाले, "कागद शत्रूच्या वैद्याचा. वाचला शत्रूच्या सेनापतीने. आणि ती स्वतः बदलीवरची. आमच्याकडची एक तरी वस्तू दाखवा." तिच्या तोंडावर म्हणाले. अठरा वर्षं या गावाचे कपडे शिवणाऱ्या बाईला. ती एवढंच म्हणाली, "काढा. पण कोट नऊ बटणांचेच ठेवा." मग दुकानात गेली आणि शटर अर्धं ओढून बसली. मी गेलो तर आरशातल्या मापांच्या चिठ्ठ्या काढून पाकिटात भरत होती. अक्का, गाव सोडणारा शिंपी आधी मापं आवरतो. मी आयुष्यात पुष्कळ शूर माणसांवर बोललो, त्यातलं एकही माझ्या ओळखीचं नव्हतं. ही एकच ओळखीची आहे, आणि तिला घालवण्याचा ठराव माझ्याच भाषणातून निघाला आहे.

बाकी क्षेम. डोळ्यांत औषध वेळेवर घाल. मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि तुला काय द्यायचं ते तूच ठरव, लहानपणापासून तूच ठरवत आली आहेस.

तुझा धाकटा,
(ज्याला तू बोलायला शिकवलंस आणि मग पस्तावलीस)

ता. क. एक वस्तू आहे. तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तुझी कोंबडी जिच्यात बसली आहे ते भांडं म्हणजे तो नगारा. आईने वाटणी केली तेव्हा मला टिपऱ्या आणि पुस्तकं मिळाली, तुला आंघोळीचं पाणी तापवायला तांब्याचं भांडं मिळालं. त्याच्या एका बाजूला पोचा आहे. लहानपणी आंघोळीच्या वेळी मी त्यात मूठ बसवून पाहायचो. माझी मूठ त्यात मावेनाशी झाली त्या दिवशी तू मला पेढा दिल्यासारखी पाठीवर थाप दिली होतीस. काठाला हात लाव, सुरीचे चरे लागतील. तू ते राखेने घासून घासून गुळगुळीत केले नसतील अशी आशा आहे. ते भांडं मला पाठव.

ता. क. दुसरा. हो, मी सभेत सांगत आलो की खरा नगारा शत्रूने पळवला आणि तो समुद्रापलीकडच्या संग्रहालयात आहे. तो परत मिळावा म्हणून चार हजार सह्यांचा अर्जही मी धाडला. त्यांनी शोध घेऊन नम्रपणे कळवलं होतं की तो आमच्याकडे नाही, कृपया आपल्याकडे पुन्हा पाहावे. त्या उद्धट उत्तरावर मी सहा सभा घेतल्या. त्या अर्जावर चौथी सही तुझी आहे. सही करताना तू माझ्याकडे पाहिलंस, परसाकडे पाहिलंस आणि पेन परत दिलंस. तेव्हा मला वाटलं, अक्काला विसर पडला. आता रविवारी हे सगळं मी उभा राहून मंडळाला सांगणार आहे, बावीस वर्षांचं, तळटिपेसकट. पण नुसत्या माझ्या बोलण्यावर आता माझाच विश्वास उरलेला नाही, म्हणून भांडं हवं.

ता. क. तिसरा, आणि हाच महत्त्वाचा. पत्र पाकिटात घालताना तुझं मागचं पत्र पुन्हा काढून हिशेब केला. कोंबडी बसून आज बारा दिवस झाले, अंडी उबायला एकवीस लागतात. म्हणजे पिल्लं बैठकीनंतरच्या सोमवारी निघणार, आणि अंगं सुकून, आईमागे चालायला लागायला बुधवार उजाडेल. तेव्हा आधी लिहिलेली घाई रद्द समज. भांड्याला हात लावू नकोस. बैठकीची काळजी मी घेतो. रविवारी सकाळी दहाला पहिला विषय माझा आहे, आणि मी बोलायला उभा राहिलो की मध्ये बोलायची या गावाला सवय नाही. बुधवारच्या संध्याकाळच्या गाडीपर्यंत मी सहज नेईन. टेलरबाईने पाण्याचा तांब्या भरून द्यायचं कबूल केलं आहे आणि मापांचं पाकीट तोवर उघडंच ठेवते म्हणाली. पंधराच्या पंधरा बाहेर पडली, मोजून पाहिलीस, की मग नगारा हलव. आधी लेकरं.